तेरा अंशांखाली

ऑर्गनच्या एकशे बारा नळ्यांपैकी सात आजारी आहेत,
हेल्यूने फोनवर सांगितलं,
कोंबड्यांबद्दल सांगावं तसं.
मी तार्तूहून निघाले. बस, मग हिउमा बेटाची फेरीबोट,
समुद्रावर बर्फाची पातळ साय,
पिशवीत भिंग, वही आणि एक रिकामी काडेपेटी.

चर्चमध्ये उणे चार.
सरपण फक्त रविवारी,
त्या दिवशी चौदा माणसं येतात.
आर्वेट शिडी धरून उभा. त्याच्या आजोबांनी ओतलेल्या नळ्या,
निव्वळ कथील. भेसळ म्हणजे पाप, म्हणायचे ते.
(चिमूटभर शिसं घातलं असतं तर वाचल्या असत्या.
हे मी शिडीवरून बोलले नाही.)

नळीवर करडे फोड. बोट टेकवलं,
तर बोट आत गेलं.

हेल्यू म्हणाली, महारोग. आई सांगायची, सैतान चावतो.
मी म्हटलं, नाही, ही भूमिती आहे,
आणि वादकाच्या बाकावर वही उघडली.

हे पांढरं कथील: चौरस पायाची बुटकी खोली.
तेरा अंशांखाली तिला वाटतं, आपण उंच व्हावं.
पायाची बाजू आखडते, पाचातला एक भाग सोडून देते,
उंची दुप्पट होते, वर थोडी.
सारणीच्या कर्णावर तीन आकडे,
बाकी सगळी शून्यं, सोमवारच्या बाकांसारखी.
तिघांचा गुणाकार म्हणजे निश्चयक:
एक पूर्णांक सव्वीस.

म्हणजे?
म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे सव्वीस.
नळीत तेवढी जागा नसते.

आधी प्रत्येक अणूला सहा शेजारी,
चार जवळचे, दोन जरा लांब.
आता चारच,
आणि त्या चौघांना तो पूर्वीपेक्षा घट्ट धरतो.
तरी मधली पोकळी वाढते.
हेल्यूने खिडकीबाहेर पाहिलं.
तिच्या रस्त्यावर धूर निघणारी चार घरं.
मला तसं काही सुचवायचं नव्हतं.

आर्वेट म्हणाला, उलटं होतं का हे?
होतं. निश्चयक शून्य नाही,
म्हणजे व्यस्त सारणी असतेच.
दोन ओळींत काढून दाखवली.
सुतार माप वाचतो तशी त्याने ती वाचली, बोट फिरवत,
आणि विचारलं,
यात नळी कुठे आहे?

मीही शोधली.
तिन्ही अक्ष होते. अणू होते.
वारा जिथे कापला जायचा तो ओठ,
कडेचा सांधा, आजोबांच्या कानशीचा ओरखडा,
कुठल्याच स्तंभात नव्हते.

मग कामाचं बोललो. सात नळ्या काढा,
करडी भुकटी चांगल्या नळीला लागू देऊ नका.
हिवाळाभर चौदा अंश ठेवायला
सरपण क्ष मानलं.
क्ष सुटला. तिजोरीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचेही पैसे नव्हते.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग हेल्यूनेच भागाकार केला, तोंडी:
उरल्या एकशे पाच. माणसं चौदा. घरी चुली पेटतातच.
साडेसात वाट्याला.
अर्धी नळी कोण नेणार, आर्वेट म्हणाला.
सातांनी सात न्या, सातांनी आठ, ती म्हणाली,
गादीखाली नाही, मांजरापासून लांब,
आणि ईस्टरला सगळ्या परत,
नाहीतर मी वाजवणार नाही.

परतीच्या बोटीवर काडेपेटी माझ्या आतल्या खिशात,
सातव्या नळीतली चमचाभर राख घेऊन.
अंगाची ऊब तिला लागत होती.
किनारा आला तेव्हा उघडून पाहिली.
रंग उजळला होता.
अणू आपापल्या बुटक्या खोल्यांत परतत होते,
सहाही शेजारी,
व्यस्त सारणीने सांगितलं तसं, तंतोतंत.

काडेपेटी हलवली,
तर वाळूसारखी वाजली.